घाटात चढणारी शीळ: गाडीतल्या खरखरीचा इतिहास

ऐकायचं असेल तर वर प्लेचं बटण आहे. बसमध्ये इअरफोन घरी विसरलात असं लक्षात आलं असेल, तर खाली वाचा. गोष्ट दोन्हीकडे तीच आहे.

आज सुरुवात एका आवाजापासून करू. तुम्ही गाडीत बसलात. फोन चार्जिंगला लावला, ऑक्सची वायर जोडली, गाणं लावलं. गाणं सुरू होण्याआधी जी सेकंदभराची शांतता असते ना, त्यात एक बारीक शीळ ऐकू येते. ऍक्सिलरेटर दाबला की शीळ चढते, पाय काढला की उतरते. गाणं मोठ्याने लावलं की ती झाकली जाते. पण पॉडकास्ट लावला, कुणी हळू बोलत असलं, की ती पुन्हा हजर!

माझ्या मामांच्या गाडीत हे होतं. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाट लागला आणि गिअर बदलेल तशी ती शीळ वर-खाली व्हायला लागली. मामा म्हणाले, "तुझ्या फोनलाच काहीतरी झालंय." मी म्हटलं, "मामा, तुमचा डेक म्हातारा झालाय." घाट संपला, वाद संपला नाही.

परत आल्यावर एका ऍक्सेसरीजच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने काहीही न ऐकता साडेबाराशे रुपयांचा फिल्टर डेकच्या लाल वायरीवर बसवून दिला. शीळ तशीच. पुन्हा गेलो तर म्हणाला, "डेकच बदला, आठ हजारांत चांगला येतो." मामा जवळजवळ तयार झाले होते. तेवढ्यात कुणीतरी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. त्यांनी पाना-पक्कड हातात घेतलीच नाही. आधी तीन प्रश्न विचारले. आवाज इंजिनाबरोबर चढतो का? डेकचा आवाज कमी केला की शीळपण कमी होते का? आणि कुठली वायर काढली की ती थांबते?

पंधरा मिनिटांत उत्तर मिळालं. ते काय होतं, ते शेवटी सांगतो. कारण मला त्या दिवशी जास्त कुतूहल वाटलं ते त्या प्रश्नांचं. शोधायला लागलो तर कळलं, की गाडीत रेडिओ बसवणारी माणसं हेच प्रश्न १९३० च्या आसपासपासून विचारत आली आहेत. गाडीतल्या संगीताचा इतिहास हा खरंतर गाडीतल्या खरखरीशी झालेल्या भांडणाचा इतिहास आहे. आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही.

ठिणगी म्हणजेच रेडिओ

आधी थोडं मागे, जर्मनीत जाऊ. १८८०च्या दशकाच्या शेवटी कार्ल्सरूह इथे हाइनरिश हर्ट्झ या शास्त्रज्ञाने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. कशा? दोन धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून. खोलीत दुसरीकडे तारेचं एक उघडं वेटोळं ठेवलं होतं. इकडे मोठी ठिणगी पडली की तिकडे वेटोळ्याच्या फटीत बारीकशी ठिणगी उमटायची. मधे वायर नाही, काही नाही.

मार्कोनीने याच ठिणगीवर बिनतारी संदेशांचा धंदा उभा केला. पहिली काही दशकं जहाजांवरचे संदेश ठिणगीच्याच ट्रान्समीटरने जायचे. पण ठिणगीत एक खोड आहे. ती एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर गप्प बसत नाही, आजूबाजूला सगळीकडे सांडते. म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये एकाने मोठ्याने बोलायला लागावं आणि बाकी कुणालाच कुणाचं ऐकू येऊ नये, तसं. रेडिओ स्टेशनं वाढली तशी ही अडचण मोठी झाली. शेवटी १९२७ च्या वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत असे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं.

आता गंमत बघा. जहाजांवरून ठिणगी हद्दपार होत होती आणि रस्त्यावर लाखो ठिणग्या धावत होत्या. पेट्रोलच्या इंजिनात स्पार्क प्लग असतो. तो हजारो व्होल्टची ठिणगी पाडून पेट्रोल पेटवतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. प्लगपर्यंत जाणारी लांब वायर आपोआप अँटेनाचं काम करते. थोडक्यात काय, प्रत्येक मोटारगाडी हा हर्ट्झच्या प्रयोगाचा चाकांवरचा अवतार होता.

आणि अशा गाडीत, त्या इंजिनापासून हातभर अंतरावर, कुणीतरी रेडिओ ऐकायचं म्हणत होतं!

शिकागोतले दोन भाऊ

ते एकटेच नव्हते. १९२०च्या दशकात बऱ्याच जणांनी गाडीत रेडिओ बसवून पाहिला होता. १९२७ मध्ये अमेरिकेत ट्रान्झिटोन नावाचा गाडीचा रेडिओ निघाला होता. पण नाव झालं ते शिकागोच्या पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांचं.

पॉल गॅल्विनचा बॅटरीचा धंदा आधी बुडाला होता. १९२८ मध्ये त्याने लिलावात ७५० डॉलरना बॅटरी एलिमिनेटरचा धंदा परत विकत घेतला आणि भावाबरोबर नवी कंपनी काढली. हातात रोख ५६५ डॉलर आणि पाच कामगार. बॅटरी एलिमिनेटर म्हणजे घरचा रेडिओ बॅटरीऐवजी विजेवर चालवायचं यंत्र. पण लवकरच थेट विजेवर चालणारे रेडिओ आले आणि एलिमिनेटर कुणाला नको झाला. त्यात १९२९ ची मंदी. घरच्या रेडिओच्या बाजारात आधीच गर्दी होती. मग राहिली कुठली जागा? गाडी.

पॉलसोबत विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग ही तरुण मंडळी होती. लिअर पुढे विमानांमुळे प्रसिद्ध झाला, लिअरजेट त्याचंच. पण तेव्हा या लोकांसमोरचा प्रश्न साधा होता. रेडिओ गाडीत ठेवला की तो वाजायचा. इंजिन सुरू केलं की गाणं जायचं आणि फक्त टकटक-खरखर उरायची.

त्यांनी केलं काय, तर खरखर कुठून येते ते एकेक करून शोधलं. प्लगची ठिणगी, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, प्रत्येकाचा वेगळा बंदोबस्त केला. जून १९३० मध्ये अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं संमेलन होतं. पॉलकडे स्टॉल नव्हता. शिकागोहून सुमारे १,३०० किलोमीटर गाडी चालवत तो तिथे गेला, गाडी संमेलनाच्या बाहेर उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना रेडिओ ऐकवला. ऑर्डरी घेऊन परत आला.

मॉडेलचं नाव ५टी७१. किंमत ११० ते १३० डॉलरच्या दरम्यान. तेव्हा फोर्डची नवी गाडी साधारण ५०० डॉलरला यायची, म्हणजे गाडीच्या पाव किमतीचा रेडिओ! ब्रँडला नाव दिलं मोटोरोला. मोटारीतलं 'मोटर' आणि त्या काळी ग्रामोफोनच्या नावांमागे लागायचं ते 'ओला'. हो, तीच मोटोरोला, जिचे फोन तुमच्यापैकी काहींनी वापरले असतील.

बसवणं म्हणजे मात्र दिव्य होतं. गाडीच्या आत छताचं कापड काढून अँटेना घालायची. फरशीला भोक पाडून खाली जास्त व्होल्टच्या बॅटऱ्या बसवायच्या. डॅशबोर्डला भोकं पाडायची. आणि बॉनेट उघडून प्रत्येक प्लगवर खरखर दाबणारे भाग लावायचे. दोन माणसांना यासाठी काही दिवस लागायचे.

१९३२ मध्ये जर्मनीत ब्लाउपुंक्टने युरोपातला पहिला गाडीचा रेडिओ आणला. तोही प्रचंड महाग आणि आकाराने पेटीएवढा. अडचणी दोन्हीकडे सारख्याच.

आवाजावरून चोर ओळखायचा

इथून एक नवा कसबी माणूस तयार झाला, गाडीचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याचं मुख्य हत्यार म्हणजे कान.

इंजिनाच्या वेगाने टकटक वाढते? मग ठिणगी. उपाय काय, तर प्लगच्या वायरीत हजारो ओहमचा रेझिस्टर घालायचा. ठिणगी पडते, पण तिचा झटका मऊ होतो आणि ती रेडिओवर कमी सांडते. यामुळे इंजिन कमजोर होईल अशी शंका लोकांना असायची. तरी हा उपाय टिकला. आजही बहुतेक गाड्यांच्या प्लगच्या आत रेझिस्टर असतो. तुमच्या बाइकच्या प्लगवर नंबरमध्ये 'आर' अक्षर दिसलं, तर ते बऱ्याचदा यासाठीच.

टकटक नाही, सलग करकर आहे आणि वेगाबरोबर तिचा सूर चढतो? मग डायनॅमो. त्याच्या ब्रशवर बारीक ठिणग्या पडतात. तिथे एक कंडेन्सर लावायचा.

इंजिन बंद केलं, गाडी नुसती घरंगळतेय, तरी खरखर आहे? मग चाकं. कोरड्या रस्त्यावर टायर फिरताना स्थिर वीज साठते आणि ती बेअरिंगच्या वंगणातून उड्या मारते. उपाय म्हणून पुढच्या चाकाच्या टोपीत एक छोटी स्प्रिंग बसवायचे. ती वीज शांतपणे बॉडीकडे नेते. (इंजिन बंद करून गाडी घरंगळवायचा प्रयोग तुम्ही करू नका हं. आजच्या गाड्यांचं स्टिअरिंग आणि ब्रेक त्यात जड होतात.)

आणि गाडी उभी, इंजिन बंद, तरी रेडिओ गुणगुणतोय? मग व्हायब्रेटर. व्हॉल्व्हच्या रेडिओला शेकडो व्होल्ट लागायचे आणि गाडीची बॅटरी तेव्हा ६ व्होल्टची. व्हायब्रेटर म्हणजे सेकंदाला शंभरेक वेळा उघडझाप करणारी पत्ती. ती बॅटरीच्या सरळ विजेचे तुकडे करायची, मग ट्रान्सफॉर्मर तिचं व्होल्टेज वाढवायचा. फरशीखालच्या बॅटऱ्या गेल्या, पण रेडिओच्या पोटातच एक भुंगा येऊन बसला.

या सगळ्यांवर एक सोपी कसोटी होती. अँटेनाची वायर काढायची. खरखर थांबली, तर ती हवेतून येतेय. चालूच राहिली, तर ती बॅटरीच्या वायरीतून येतेय. म्हणजे आधी रस्ता शोधायचा, मग नाका बसवायचा. मामांच्या गाडीत दुकानदाराने बरोबर उलटं केलं होतं.

जिथे ऐकू न येणं परवडत नव्हतं

आपल्यासाठी हा गाण्याचा प्रश्न आहे. पोलिसांसाठी तसा नव्हता. १९२८ मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी गस्तीच्या गाड्यांत रेडिओ बसवले. ते एकतर्फी होते, म्हणजे ऐकायचं फक्त. गाडी वेगात असताना, नेमकी गरज असेल तेव्हाच, इंजिनाची खरखर सगळ्यात जास्त. पत्ता चुकीचा ऐकला तर पोलीस चुकीच्या गल्लीत.

यातून मार्ग निघाला तो वेगळ्याच माणसाच्या कामातून. एडविन आर्मस्ट्राँग. त्याने विचार असा केला, की ठिणगीची खरखर ही प्रामुख्याने लहरीची उंची कमी-जास्त करते. तेव्हाच्या एएम रेडिओत संदेशही उंचीतच लिहिलेला असायचा, म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळायचे. मग संदेश उंचीत लिहायचाच नाही, फ्रिक्वेन्सीच्या बदलात लिहायचा! उंचीत जी गडबड होईल ती रिसीव्हरने सरळ कापून टाकायची. हाच एफएम. पेटंट मिळालं डिसेंबर १९३३ मध्ये.

१९४० मध्ये कनेटिकट राज्याच्या पोलिसांसाठी डॅनियल नोबल या प्राध्यापकाने दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी एफएमची राज्यभर चालणारी यंत्रणा उभी केली. गाडीतून बोलणं स्वच्छ ऐकू यायला लागलं. नोबल त्यानंतर गॅल्विनच्याच कंपनीत गेला. आज तुम्ही ट्रॅफिकमध्ये ज्या एफएमवर गाणी ऐकता, त्याच्या स्वच्छ आवाजामागे हे सगळं आहे. एफएम ठिणगीपासून पूर्ण मुक्त नसतो. पण फरक इतका मोठा, की इंजिनाची टकटक नव्या पिढीने जवळजवळ ऐकलेलीच नाही.

दूरदर्शन आणि रस्त्यावरची स्कूटर

गाडीची ठिणगी फक्त गाडीतच त्रास द्यायची असं नाही. घरोघरी टीव्ही आला तशी शेजाऱ्यांची तक्रार सुरू झाली. ब्रिटनमध्ये १९५२ साली नियम झाले, की नव्या गाडीच्या ठिणगीचा त्रास दाबलेला असलाच पाहिजे. युरोपीय समुदायाने १९७२ मध्ये सर्व सदस्य देशांसाठी तसाच निर्देश काढला.

आपल्याकडे याची आठवण हवी असेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गच्चीवर ऍल्युमिनियमची अँटेना, खाली ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. रविवारचा सिनेमा रंगात आलेला असायचा आणि रस्त्यावरून कुणाची तरी स्कूटर जायची. पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रेघा, स्पीकरमध्ये फर्रर्र! आईला वाटायचं अँटेना हलली, म्हणून मुलाला गच्चीवर पिटाळलं जायचं. तो वर पोचेपर्यंत स्कूटर गेलेली असायची आणि चित्र आपोआप नीट झालेलं. श्रेय मुलाला. खरा चोर कोपऱ्यावरून वळून गेलेला.

भुंगा गेला, शीळ आली

१९५५ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरने फिल्कोबरोबर पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा गाडीचा रेडिओ जाहीर केला. ट्रान्झिस्टरला शेकडो व्होल्ट लागत नाहीत. बॅटरीच्या व्होल्टेजवर त्याचं भागतं. व्हायब्रेटरची गरजच संपली. भुंगा गेला.

पाच वर्षांनी, १९६० च्या व्हॅलियंट गाडीत क्रायस्लरने डायनॅमोऐवजी अल्टरनेटर दिला. गाडीत विजेवर चालणाऱ्या वस्तू वाढत होत्या आणि सिग्नलला उभ्या गाडीत डायनॅमो पुरेशी वीज देत नव्हता. अल्टरनेटर इंजिन हळू फिरत असतानाही देतो. मोटोरोलानेही त्या दशकात अल्टरनेटर बनवले आणि त्या कामामागे कोण होता? एल्मर वेव्हरिंग. तोच, ज्याने तीस वर्षांपूर्वी पहिल्या रेडिओची टकटक शांत करायला मदत केली होती.

आता आपण मामांच्या गाडीच्या जवळ आलो. अल्टरनेटर उलट-सुलट वाहणारी वीज तयार करतो आणि त्यातले डायोड तिला एका दिशेने वळवतात. पण ती पूर्ण सपाट होत नाही. वर बारीक लाटा राहतात. नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये एका फेरीत अशा ३६ लाटा येतात. हिशोब करून बघू. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभं आहे आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरतो, म्हणजे २,००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला साधारण ३३. त्याला ३६ ने गुणलं की १,२००. सेकंदाला १,२०० कंपनं म्हणजे स्पष्ट ऐकू येणारी शीळ. इंजिन ३,००० वर नेलं की तोच आकडा ४,५०० होतो. खंबाटकीत वर-खाली होणारा सूर तो हाच. गाडी अक्षरशः आपला वेग गाऊन दाखवत होती.

पण ही शीळ सगळ्याच गाड्यांच्या वायरीत असते. बॅटरी तिला बरीचशी दाबते. मग काही गाड्यांतच ती स्पीकरपर्यंत का पोचते?

दोन अर्थ, एक भांडण

आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि गाडीत कॅसेटचा डेक बसवून घेणं ही हौस मध्यमवर्गात शिरली. मग डिकीत अँप आला, सबवूफर आला. डेक पुढे, अँप मागे, मधे चार-पाच मीटरची आवाजाची वायर. पुढे डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे बॉडीला, मागे अँपचा अर्थ डिकीत बॉडीला.

बॉडी लोखंडाची, म्हणजे सगळीकडे सारखी, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. समजा त्या दोन जागांमध्ये ओहमचा फक्त दोन हजारांश भाग एवढा विरोध आहे आणि बॉडीतून अल्टरनेटरची ५ अँपिअरची लाट जातेय. दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडला. आकडा चिल्लर वाटतो. पण गाण्यातल्या हळू जागी आवाजाच्या वायरीतला सिग्नलही तेवढाच असू शकतो. आवाजाच्या वायरीवरची जाळी या दोन्ही अर्थांना जोडते, त्यामुळे तो फरक सरळ आवाजात मिसळतो. अँपला कळत नाही यातलं गाणं कुठलं आणि अल्टरनेटर कुठला. तो दोघांनाही मोठं करतो.

इंग्रजीत याला ग्राउंड लूप म्हणतात, आपले मिस्त्री 'अर्थिंगचा लोचा' म्हणतात. उपाय महाग नसतो. रंग खरवडून स्वच्छ पत्र्यावर अर्थ घट्ट आवळायचा, दोघांचा अर्थ शक्यतो एका जागी आणायचा, आणि अँपची बॅटरीची जाड वायर गाडीच्या एका बाजूने आणि आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने न्यायची.

आणि मग तुमचा फोन आला

दोन हजारच्या दशकात ज्यांच्या घरात नोकियाचा फोन होता, त्यांना हा आवाज आठवेल: टिटिटिट्-टिटिटिट्-बर्रर्र. फोन वाजायच्या सेकंदभर आधी डेकचे स्पीकर सांगायचे, फोन येतोय. टू-जी फोन सलग बोलत नाही. तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटक्याने प्रक्षेपण करतो. आजूबाजूच्या वायरी ते झटके पकडायच्या आणि २१७ कंपनांची घरघर ऐकू यायची. चाकांवरच्या ठिणगीनंतर आता खिशातला ट्रान्समीटर! फोर-जीमध्ये प्रक्षेपणाची पद्धत बदलली आणि तो आवाज बहुतेक विस्मरणात गेला.

मग ऑक्सची वायर आणि गाडीतला चार्जर आला. इथे मामांच्या गाडीचं उत्तर.

त्या मिस्त्रींनी आधी एफएम लावला. शीळ नाही. म्हणजे डेक, स्पीकर आणि डेकची बॅटरीची वायर सुटल्या. ऑक्सवर आणलं, शीळ परत. डेकचा आवाज कमी केला, शीळही कमी झाली. म्हणजे ती आवाजाच्या बटणाच्या आधीच आत येतेय. मग त्यांनी फोनची चार्जिंगची वायर उपसली.

शांतता.

फोनला दोन अर्थ मिळत होते. एक चार्जरमधून, एक ऑक्सच्या वायरीतून. तोच जुना लोचा, फक्त डिकीऐवजी मामांच्या गिअरच्या दांड्याजवळ. साडेबाराशेचा फिल्टर डेकच्या बॅटरीच्या वायरीवर बसलेला, आणि शीळ तिथून येतच नव्हती. फोनही चांगला होता, डेकही चांगला होता. मामा आणि मी दोघंही चुकलो होतो. शेवटी ऑक्सच्या वायरीत एक छोटा आयसोलेटर लावला, काहीशे रुपयांचा. त्यात बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, तो गाणं पुढे जाऊ देतो आणि दोन अर्थांचा थेट संबंध तोडतो. आठ हजार वाचले. मिस्त्रींनी चहाचे पैसेही घेतले नाहीत.

तुमच्या गाडीत शीळ असेल तर

पैसे खर्च करण्याआधी दहा मिनिटं द्या. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, जागा मोकळी हवेची.

पहिलं, इंजिन सुरू करून हलकं रेस करा. सूर चढत असेल तर अल्टरनेटर किंवा ठिणगी. चढत नसेल तर पंखा, वायपर, चार्जर, डॅशकॅम एकेक बंद करून बघा.

दुसरं, एफएम, ब्लूटूथ, ऑक्स आळीपाळीने लावा. एकावरच आवाज असेल तर चोर त्याच रस्त्यावर आहे.

तिसरं, डेकचा आवाज अगदी शून्य करा. तरी शीळ राहिली तर ती डेकच्या पुढे, म्हणजे अँप किंवा त्याच्या वायरीत शिरतेय.

चौथं, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या की काय लागू पडलं ते कळत नाही.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. जी शीळ कधीच नव्हती ती अचानक मोठ्याने सुरू झाली, सोबत दिवे मंद होतायत किंवा बॅटरीचा लाल दिवा लागतोय, तर तो स्टिरिओचा विषय नाही. अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. गाडी दाखवून घ्या, नाहीतर रात्री आडरस्त्यावर बॅटरी उतरेल. अशा वेळी फिल्टर लावून आवाज बंद करणं म्हणजे ताप आल्यावर थर्मामीटर फोडणं.

भांडण पुन्हा सुरू

शेवटी आजची गोष्ट. इलेक्ट्रिक गाडीत स्पार्क प्लग नाही, म्हणजे शांतता, असं वाटेल. पण मोटर चालवणारा इन्व्हर्टर बॅटरीची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि त्याचे पडसाद नेमके एएमच्या पट्ट्यात पोचतात. त्यामुळे काही कंपन्यांनी अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला. २०२३ मध्ये फोर्डनेही तसं ठरवलं होतं. मग आपत्कालीन सूचना एएमवरून जातात असा आक्षेप आला, तिथल्या संसदेत एएम सक्तीचं विधेयक आलं आणि फोर्डने त्याच वर्षी मे महिन्यात निर्णय फिरवला.

आपल्याला यात काय, असं वाटत असेल तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग वादळ कोकणावर आलं. रायगड, रत्नागिरीत कितीतरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते. अशा वेळी ज्याची बॅटरी भरलेली आहे आणि ज्याला टॉवर लागत नाही, असा रेडिओ बऱ्याच घरांत एकच असतो, दारात उभ्या गाडीतला. दूरवर पोचतो तो मीडियम वेव्ह, म्हणजे एएमच. खरखर शोधून थांबवायची, की ऐकायचंच सोडून द्यायचं, हा प्रश्न आता गाडी बनवणाऱ्यांसमोर आहे. गॅल्विन भावांनी पहिला पर्याय निवडला होता, आणि तेव्हा त्यांच्याकडे आजच्या मानाने काहीच नव्हतं.

तर मंडळी, पुढच्या वेळी गाडीत शीळ ऐकू आली की लगेच आवाज वाढवू नका. अर्धा मिनिट ऐका, ती कुठून येतेय ते ती स्वतःच सांगते. तुमच्या घरी स्कूटरमुळे टीव्हीवर रेघा यायच्या का, गच्चीवर कोण पळायचं, ते आई-बाबांना विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवू.

तोपर्यंत, सांभाळून चालवा. भेटू.